आमच्या दारातल्या वळणाचा कल

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार, आणि त्याला लागूनच आशीर्वादही (नात्याने मी दोन्ही देऊ शकते, कोणता घ्यायचा ते पत्र वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा). तुमची कंबर कशी आहे? ऑफिसातल्या त्या खुर्चीवर उशी ठेवा म्हणून मागे कळवलं होतं, ते तुम्ही केलं नसणार याची मला खात्री आहे. या घरच्या पुरुषांना सगळ्या गावाच्या पाठीचा विचार करून खड्डे बुजवता येतात, स्वतःच्या पाठीमागे एक उशी घेता येत नाही. माझ्या धाकट्या जावेचा खोकला गेला का? नसेल तर तिला म्हणावं, डॉक्टरकडे जा, फोनमध्ये औषधं शोधत बसू नकोस. मुलांना पापे. इकडे सर्व ठीक आहे (पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढे येतंच आहे).

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर आपला फोन तुमच्या दादांच्या कोपराशी असतो. जन्मभर बसचं इंजिन कानाशी घेऊन बसल्यामुळे त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणजे मी दूध आणा म्हटलेलं ऐकू येत नाही. पण त्यांच्याविषयी मी आतल्या खोलीत पुटपुटले तरी बाहेरून उत्तर येतं. आणि मला जे सांगायचंय ते सगळं त्यांच्याविषयीच आहे. म्हणून स्वयंपाकघराच्या टेबलावर कणकेचा हात पुसून लिहायला बसले आहे. पत्र लांबणार आहे, टेकून बसा.

विषय आमच्या दारातलं वळण. ते तुम्ही आखलंत, पण ते ठरलं कुठे हे तुमच्या ऑफिसात कुणाला माहीत नसेल. ते ठरलं याच टेबलावर. तुम्ही नकाशाची गुंडाळी घेऊन जेवायला आला होतात, आणि जेवण झाल्यावर (खरं म्हणजे मी अजून जेवत होते) तुम्ही दादांना तुमची अडचण सांगत होतात. मला ती तेव्हाच कळली होती, कारण तुम्ही समजावता छान. वळणावर रस्ता आतल्या बाजूला थोडा कलता ठेवावा लागतो. पाऊस पडला की पाणी त्या कलावरून झटकन कडेला जातं, चाकाखाली साचत नाही, आणि वेगात आलेलं वाहन बाहेर फेकलं जात नाही. म्हणजे पावसाला कल जास्त हवा. पण थंडीत त्याच रस्त्यावर बर्फाची साय धरली, की हळू आलेलं किंवा मध्येच थांबलेलं वाहन त्याच कलावरून आपसूक खाली घसरतं. म्हणजे बर्फाला कल कमी हवा. आणि रस्ता एकच. पावसाळ्याचा वेगळा आणि थंडीचा वेगळा असा काही आपल्याला कपाटात घडी घालून ठेवता येत नाही. तुम्ही म्हणालात, नियमात एवढ्यापासून एवढ्यापर्यंत बसतं, माझा विचार खालच्या टोकाकडे आहे. त्यावर तुमच्या दादांनी एक ताट घेतलं (माझं), त्यात पाणी ओतलं आणि ते तिरपं करून तुम्हाला पाण्याचा स्वभाव दाखवला. पाणी माझ्या मांडीवर आलं. दादा म्हणाले, मी आयुष्यभर पावसात बस चालवली आहे, रस्ता कसा कलता पाहिजे ते मला विचार. आणि तुम्ही, एवढे शिकलेले, हाताखाली माणसं असलेले, थोरल्या भावापुढे मान डोलावून वरच्या टोकाकडे गेलात. मी मूग गिळून बसले. ओल्या साडीत माणसाला मत मांडावंसं वाटत नाही.

आता खरं तेही सांगितलं पाहिजे. पावसात ते वळण म्हणजे बघत राहावं असं आहे. गेल्या पावसात वरच्या चढावरून लोंढा आला, खालच्या चौकात लोक बूट हातात घेऊन चालत होते, आणि आमच्या दारात पाणी शिस्तीत आतल्या कडेला जाऊन जाळीतून गटारात उतरत होतं. तुमचे दादा छत्री घेऊन बाहेर उभे. एकटे नाही. शेजारचे शिंपी, समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आणि टपाल घेऊन आलेला बिचारा पोस्टमन यांना त्यांनी पावसात उभं करून पाण्याची वाट दाखवली. पोस्टमनची पत्रं भिजली, पण दादांचं समाधान झालं. हे आमच्या धाकट्याचं काम, असं प्रत्येकाला सांगत होते. (स्वतःचा वाटा ते दुसऱ्या वाक्यात सांगत, पहिल्या वाक्यात कधी नाही, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय.)

तो आनंद मला किती हवा होता ते तुम्हाला ठाऊक नाही. निवृत्त झाल्यानंतर हा माणूस घरात कसा होता ते तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्ही यायचात तेव्हा ते नीट दाढी करून बसायचे. एरवी पहाटे बसच्या वेळेला उठायचे, कपडे करायचे आणि खुर्चीत बसून राहायचे, कुणीतरी तिकीट मागेल म्हणून थांबल्यासारखे. मी काही विचारलं तर हं म्हणायचे, आणि त्या हं मध्ये दिवस संपायचा. ते वळण झालं आणि त्यांची खुर्ची खिडकीपाशी गेली. मग जेवताना बोलणं सुरू झालं. सगळं बोलणं गाड्या, टायर आणि पाणी याविषयी असायचं, पण बोलणं होतं. मी स्वतः ऐकता ऐकता तयार झाले आहे. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, कारण त्याला खालूनही वारा लागतो, हे तुम्ही एकदा सांगितलंत, तेव्हापासून मी नदीच्या पुलावर गेले की हात आपोआप कठडा धरतो आणि बरोबरच्या बायकांना मी कारणही सांगते. त्या आता माझ्याबरोबर फिरायला येत नाहीत.

मग थंडी आली. पहिली पावाची गाडी. मी ओट्याशी उभी होते, खिडकीतून दिसलं. समोरून दुसरी गाडी येत होती म्हणून पाववाला थांबला. थांबला, आणि थांबलेल्या स्थितीतच आमच्याकडे यायला लागला. भाऊजी, अपघात म्हणजे धाडकन होतो अशी माझी समजूत होती. हा अपघात कुणी वाटीभर साखर मागायला यावं तसा आला, सावकाश, जरा संकोचत. पाववाल्याने चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, शेवटी हात सोडले आणि माझ्याकडे पाहून मान लववली. मीही लववली. मग गाडी आमच्या कुंपणाच्या झुडपात टेकली आणि थांबली. तुमचे दादा सपाता घालून बाहेर गेले. मला वाटलं, लागलं का विचारतील. त्यांनी विचारलं, इतक्या हळू का आलात? आणि मग त्या माणसाला त्यांनी समजावलं की या वळणाचा कल जरा वेगाने येणाऱ्यासाठी आहे, चूक वळणाची नाही, पावसात येऊन बघा. तो म्हणाला, पावसातही मी पावच आणतो हो. मी त्याला आत बोलावून चहा दिला.

त्यानंतर आमच्याकडे माणसांचा तोटा राहिला नाही. संगीताच्या बाई आल्या, मागच्या सीटवर माणसाएवढं वाद्य घेऊन, आणि स्वतःआधी त्या वाद्याला लागलं का ते तपासत बसल्या. गुरांचे डॉक्टर आले. ड्रायव्हिंग शाळेची गाडी आली, त्यात शिकणारी मुलगी शांत होती आणि शिकवणारे गुरुजी दाराला धरून बसले होते. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, सगळे आपले सावकाश येत होते आणि माझ्या झुडपात टेकत होते. झुडपाचं मात्र अर्धं अंग गेलं. दादांनी प्रत्येकाला कारण दिलं, वळण सोडून. टायर झिजलेत. शिंप्यांच्या झाडाची पानं पडतात. मी अंगण धुते. (अंगण मी थंडीत धुतच नाही, पण माझं नाव निघालं की त्यांना युक्तिवाद भक्कम झाल्यासारखा वाटतो.) एका सकाळी तर त्यांनी बर्फ वितळवायला आंघोळीचं ऊन पाणी बादली बादली नेऊन वळणावर ओतलं. ते वितळलं खरं. नंतर जे गोठलं, तो आरसाच. मी सांगत होते, जाऊ नका, तरी दादा बघायला म्हणून गेले, आणि बसल्या बसल्या निघाले ते थेट गटाराच्या जाळीपर्यंत. मला हसू आवरेना, पदर तोंडात धरून बाहेर गेले. जमिनीवर बसलेला हा माणूस मला म्हणतो, बघ, पाणी जिथे जायला पाहिजे तिथेच बरोबर आलो, कल अगदी अचूक आहे.

इथवर हसून घ्या, कारण इथून पुढे मला हसू येत नाही.

मागच्या आठवड्यात दादांची बस आली. त्यांची म्हणजे त्यांच्या जुन्या मार्गाची. ती आता चालवते ती मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तुम्हाला आठवत असेल, तिचं लायसन झालं तेव्हा ती खोका भरून फळं घेऊन आली होती आणि दादांनी त्यातलं एकही फळ न खाता सगळी लोकांना दाखवली होती. सकाळची वेळ, बस भरलेली, कामाला निघालेली माणसं, मांडीवर पोरं. पुढच्या गाडीने ब्रेक लावला म्हणून तिने बस थांबवली. अंतर ठेवून, हळूच, जसं तिला शिकवलं होतं अगदी तसं. बस थांबली. आणि मग ती अख्खी बस आडवी आमच्या बाजूला सरकायला लागली. आतल्या फुटपाथवर शिंपी उभे होते, हातांवर शिवलेल्या कोटांचा डोळ्यांपर्यंत ढीग घेऊन, त्यामुळे त्यांना पुढचं दिसत नव्हतं. दादा खिडकीतून ओरडले. मी इतक्या वर्षांत त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. शिंपी कोट टाकून मागे सरले आणि बस फाटकाच्या खांबाला येऊन टेकली, जिथे ते उभे होते तिथेच. कोट चाकाखाली गेले.

कुणाला काही झालं नाही. पण दादा बाहेर गेले, ती मुलगी बसमधून उतरली आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, सर, मी काय चुकले? तिला ते काय सांगणार? हळू आलीस म्हणून? हळू ये हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, घरात आले, आणि खुर्ची खिडकीपासून ओढून भिंतीकडे वळवली.

तेव्हापासून परत हं. वळण चांगलं आहे असंही म्हणत नाहीत, वाईट आहे असंही नाही. तुमच्या ऑफिसातला माणूस मापं घ्यायला आला होता, तर हे मागच्या खोलीत जाऊन बसले, मी खोटं सांगितलं की झोपलेत. आणि रोज पहाटे, पहिल्या बसच्या आधी, शेगडीतली राख बादलीत भरून एकटे वळणावर जातात आणि पसरतात. त्या दुखऱ्या गुडघ्याने. मी नको म्हटलं तर ऐकू येत नाही. मी खिडकीत उभी राहून बादलीचा आवाज ऐकते, कारण आवाज येतो आहे तोवर ते उभे आहेत. एक दिवस तो आवाज थांबेल, भाऊजी, आणि मला नुसती बादली गडगडत येताना दिसेल, या भीतीने मला पहाटेची झोप राहिलेली नाही.

मी खूप विचार केला. तुमचं काम किती अवघड आहे ते मला या थंडीत कळलं. हवा एका वेळी एकच येते, आणि जी समोर असते ती खरी वाटते. भर पावसात उभं राहिलं की वाटतं कल हवाच, बर्फात उभं राहिलं की वाटतं कुणा गाढवाने हा कल दिला. दोन्ही डोक्यात एकदम ठेवून एक रेघ मारायची म्हणजे कुणाचंच पुरतं समाधान न करता सगळ्यांना घरी पोचवायचं. मला तर घरातल्या दोन माणसांचं जमत नाही. दादांना त्या टेबलावर पावसाचंच माहीत होतं, कारण त्यांच्या वेळी थंडीत त्या मार्गावर बस बंद असायची, बर्फात त्यांनी फारशी चालवलीच नाही. हे त्यांना तेव्हा आठवलं नाही आणि तुम्ही भिडेने विचारलं नाही. बर्फात त्या फाटकाशी उभ्या माणसावर गाडी येऊ नये एवढं मात्र आता माझ्या मनात पक्कं आहे, मग पावसात थोडं पाणी साचलं तरी चालेल. तुमच्या त्या मापंवाल्याला मी चहा पाजून सगळं काढून घेतलं. तो म्हणाला, कल उतरवता येईल, वरचा थर खरखरीत करता येईल, आणि चढावरून झिरपून येणारं पाणी रस्त्यावर यायच्या आधीच अडवायला वर एक चर खणता येईल. पण साहेबांनी सही अडवून धरली आहे. साहेब म्हणजे तुम्ही. कारण विचारलं तर म्हणाला, साहेब नुसते नकाशाकडे बघत बसतात.

मला कारण ठाऊक आहे. दादांना न विचारता तुम्ही तो कल उतरवणार नाही. आणि ते स्वतःहून तुम्हाला उतरव म्हणणार नाहीत, थोरले आहेत ना. तुम्ही दोघं भाऊ एकमेकांची भीड धरून बसलात आणि मध्ये ते वळण तसंच आहे. यावर आणखी लिहीत नाही, राग येईल.

धाकटीला सांगा, लोकरीचे मोजे पाठवले ते मापाचे निघाले. कंबर सांभाळा.

तुमची
वहिनी

ता. क. : येताना (म्हणजे आलात तर) कुंपणासाठी काटेरी नसलेली झुडपं आणा. काट्यांमुळे पाववाल्याला बाहेर पडता येत नव्हतं.

आणखी एक ता. क. : आलात तर नाही, याच. पुढचा बर्फ पडायच्या आत. आणि येऊन दादांना असं सांगा की गणित तुमचं चुकलं होतं, दादांनी सांगितलं त्याहूनही तुम्ही कल जास्त दिलात, म्हणून हे झालं. खोटं आहे हे मला ठाऊक आहे. तुमच्या हातून एवढं एक खोटं मी मागते आहे, भाऊजी, मला ते खिडकीपाशी परत हवे आहेत. लहान भावाला माफ करायला त्यांना आवडेल, स्वतःला करायला जमत नाहीये. पत्र टाकायला त्यांच्याच हाती देते आहे, म्हणजे तेवढेच सकाळी उजाडल्यावर बाहेर पडतील. डिंक वाळलाय, पाकिटाचं झाकण आत खोचलं आहे. काळजी नको, दुसऱ्याचं पत्र ते उघडत नाहीत.

धाकट्या,

हे मी लिहितो आहे, पोस्टाच्या पेटीवर कागद ठेवून, त्यामुळे अक्षर असं. पाकीट वाऱ्याने उघडलं. वारा नव्हता. सगळं वाचलं. हिने लिहिलंय ते बहुतेक बरोबर आहे, फक्त मी जाळीपर्यंत गेलो नव्हतो, अलीकडेच थांबलो. तू त्या दिवशी आकडे घेऊन माझ्यासमोर बसला होतास, आणि इतका मोठा झालेला दिसत होतास की मलाही काहीतरी येतं हे तुला दाखवावंसं वाटलं. तेवढंच होतं ते. सही कर. कल उतरव. पावसात आतल्या कडेला पाणी रेंगाळेल ते जाळीकडे लोटायला मी आहे, झाडू घेऊन ठेवला आहे.

तू ये, आणि हिने सांगितलंय तसंच बोल. मी आधी थोडा रागावेन, मग माफ करेन, हिला बरं वाटेल. बरेच दिवस झोपलेली नाही ती. मी वाचलं हे मात्र तिला कळू देऊ नकोस. ते झालं की आपण दोघंच वळणावर जाऊ. तिथे कल किती हवा ते तू मला नीट समजावून सांग. मी मध्ये बोलणार नाही.